इंजिनाला हात लावावा की लावू नये?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शंभर सीसीची साधी गाडी सहा-सात हजारांनी स्वस्त झाली. त्या हंगामात पावसाने सोयाबीनची काय दशा केली होती ते तुम्हाला सांगायला नको. तरीही दसरा-दिवाळीत देशभर दुचाकींची विक्री वाढली आणि आपल्याकडेही नव्या गाड्यांना झेंडूचे हार चढले. त्याचे नवल नाही. गाडी आता चैनीची वस्तू राहिली नाही. दूध तिच्यावर, खताचे पोते तिच्यावर, पोरीची शाळा तिच्यावर, आणि रात्री-बेरात्री म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे तर तेही तिच्यावरच.

पण हिशेब करून बघा. साधी गाडी कागदपत्र, विमा धरून रस्त्यावर यायला ९० हजारांच्या आसपास लागतात. २०२५-२६ च्या हंगामातला सोयाबीनचा हमीभाव होता ५,३२८ रुपये. म्हणजे १७ क्विंटल सोयाबीन झाले. आणि बाजारात हमीभाव मिळालाच नाही, साडेचार हजारांच्या खालीच गाडी भरून द्यावी लागली, तर २० क्विंटलच्या वर. कोरडवाहू वावरात एवढे पिकवायला किती एकर लागतात ते ज्याचे त्याला ठाऊक. त्यामुळे ही गाडी आठ वर्षे चालली की पंधरा, हा प्रश्न कास्तकाराच्या घरच्या ताळेबंदाचा आहे.

या प्रश्नावर चांदूर रेल्वेच्या कोणत्याही गॅरेजसमोर उभे राहा, दोन पक्ष सापडतील. एक म्हणतो, "कंपनीनं देल्ली तशी ठेव, हात लावू नको, पंधरा वर्ष पायाची नाही." दुसरा म्हणतो, "कंपनी गाडीले बांधून ठेवते भाऊ. सायलेन्सर उघड, फिल्टर काढ, मंग पाय कशी मोकळी होते." दोघेही छातीठोकपणे सांगतात, आणि ज्याच्या हातात पाना असतो त्याचे जास्त पटते.

आधी उत्तर देतो, मग कारण. इंजिन कंपनीने दिले तसे ठेवले तर ते जास्त टिकते, यात शंका नाही. मात्र 'तसे ठेवणे' म्हणजे 'तसेच पडू देणे' नव्हे, आणि या दोहोंतला फरक न कळल्यामुळेच आपल्याकडच्या निम्म्या गाड्या वेळेआधी 'बोअरला' येतात.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अर्धे खरे आहे. कंपनी इंजिनाला बांधूनच ठेवते. शंभर सीसीच्या इंजिनातून साधारण आठ अश्वशक्ती निघते. त्याच आकाराच्या इंजिनातून याहून जास्त काढता येते, शर्यतीच्या गाड्यांत काढतातही. मग वाळूज, चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर ती का काढत नाहीत? कारण जाळलेल्या पेट्रोलचा साधारण चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. ती सायलेन्सरमधून आणि इंजिनावरच्या पात्यांमधून बाहेर जाते. ताकद वाढवली की उष्णता वाढते, पण पाती तेवढीच राहतात, ऑइल एक लिटरच्या आतबाहेरच राहते, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग तीच राहतात. कंपनीने राखून ठेवलेली ताकद म्हणजे इंजिनाचे आयुष्य. ती आज काढून घेतली तर उद्याच्या खात्यातून वजा होते.

तळेगाव दशासरचा शंकरपट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पटाच्या जोडीचा खुराक वेगळा, निगा वेगळी, आणि ती जोडी वर्षभरात धावते किती, तर काही मिनिटे. तिला कोणी उन्हाळ्यात वखराला जुंपत नाही. आपल्याला गाडी हवी वखराच्या बैलासारखी, आणि पोराला ती पळवायची असते पटाच्या बैलासारखी. एकाच जोडीकडून दोन्ही कामे होत नाहीत.

आता एकेक फेरफार बघू. सायलेन्सरचे थोडक्यात सांगतो. आतली जाळी काढली किंवा बाजारातले फटाके फोडणारे सायलेन्सर लावले की धूर बाहेर जायचा अडथळा कमी होतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे मिश्रण होते, ते जास्त तापते आणि धुराचा व्हॉल्व्ह जळतो. त्यावर मिस्त्री जेट मोठे करून देतो. मग पेट्रोल इतके जास्त येते की सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन निघतो, आणि रिंगा कोरड्या घासतात. एक चूक झाकायला दुसरी. १ एप्रिल २०२० नंतर विक्रीला आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर इंजेक्शन आणि धुराचा सेन्सर असतो, सायलेन्सरमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. ते कापून काढले की गाडीचा मेंदूच गोंधळतो. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की ताकद वाढली असे वाटते. ताकद कानाने मोजायची नसते. खांद्यावर बसून कान फुंकणारे मित्रच तेवढे खुश होतात.

एअर फिल्टरवर मात्र मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण आपल्या भागात इंजिन मारणारा नंबर एकचा गुन्हेगार तोच. म्हणजे तो नसणे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात नव्या इंजिनात जी फट असते ती माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. मुरमाच्या पांदण रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर आणि मागे तुम्ही असाल, तर त्या फटीत काय जाते ते डोळ्यासमोर आणा. बारीक धूळ ऑइलात मिसळली की तिची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते. रिंगा झिजतात, मग ऑइल वर चढते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काळा पडतो, चढावर गाडी दम तोडते. सायलेन्सर उघडून गाडी बिघडायला वर्ष-दीड वर्ष लागेल, फिल्टर काढून फिरणाऱ्याची गाडी एका उन्हाळ्यात कामाला येऊ शकते. मालखेडवरून पोहऱ्याच्या जंगलातून डांबरी रस्त्याने अमरावतीला नोकरीवर जाणाऱ्याची गाडी आणि घुईखेडच्या शिवारात रोज चार वेळा वावरात जाणारी गाडी, दोन्ही एकाच दिवशी शोरूममधून निघाल्या तरी त्यांचे आयुष्य सारखे नाही.

कंपनीच्या पुस्तिकेत यासाठी स्पष्ट ओळ असते की धुळीच्या भागात फिल्टर लवकर साफ करावा, लवकर बदलावा. ती ओळ आपल्यासाठीच लिहिलेली आहे, पण पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत डिकीत आणि डिकी घरातल्या माळ्यावर. कागदी फिल्टर पेट्रोलने धुवायचा नसतो, झटकून किंवा आतून बाहेर हवा मारून साफ करायचा, आणि फाटला असेल तर फेकायचा. दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो फाटका ठेवून पाच ते आठ हजारांचे बोअरचे काम कवटाळायचे, याला काय म्हणावे? आणखी एक. गाडी धुताना प्रेशरचा पाइप सीटखाली, फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी धरू नका. भिजलेला फिल्टर म्हणजे इंजिनाच्या नाकात बोळा.

ऑइलचेही तसेच. आपल्याकडे त्याला अजून मोबिल म्हणतात, आणि "काळं झालं तं का झालं, हाये ना आत," असे म्हणतात. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर हे तिघेही त्याच एका लिटरवर जगतात. क्लचची झिज त्याच ऑइलात, गिअरचा चुरा त्याच ऑइलात, पिस्टनच्या जळक्याचा काळिमा त्याच ऑइलात. ज्याने इंजिनाला कधी पाना लावला नाही, पण दोन वर्षे ऑइलही बदलले नाही, त्याची गाडी 'कंपनीने दिली तशी' कशी म्हणायची? कंपनीने तर त्यात स्वच्छ ऑइल घालून दिली होती. पहिल्या पक्षातल्या माझ्या पुष्कळ मित्रांचे चुकते ते इथे. गाडीला हात न लावल्याचा त्यांना अभिमान असतो, आणि तो हात ऑइल बदलायलाही लागलेला नसतो.

आता आमच्या खात्याशी थेट संबंध असलेल्या विषयाकडे येतो. गेल्या काही वर्षांत मोटारसायकलवरचा डवरा गावोगाव दिसतो. मागचे चाक काढायचे, लोखंडी सांगाडा जोडायचा, मागची चक्री मोठी टाकून वेग कमी करायचा, पाठीमागे डवऱ्याच्या पासा लावायच्या आणि सोयाबीनच्या तासांतून चालवायचे. यामागची अडचण खरी आहे, तिची थट्टा करून चालणार नाही. डवरणीला दिवस मोजके मिळतात. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी एक आणि महिन्याच्या आतबाहेर दुसरी, फूल धरू लागल्यावर डवरा घालायचा नाही, मुळ्या तुटतात. त्यात पावसाची उघडीप दोन दिवसांची. बैलजोडी कमी राहिल्या, चांगली जोडी लाखाच्या खाली येत नाही, आणि माणूस शोधला तरी त्याच दोन दिवसांत सगळ्या गावाला माणूस पाहिजे असतो. मग कास्तकार दारातल्या गाडीकडे बघतो.

ही कल्पना नवी नाही. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटला मागून सांगाडा जोडून 'बुलेट सांती' तयार केली, आणि पुढे अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनमार्फत ती देशभर माहीत झाली. पण ती गाडी कोणती होती ते बघा. डिझेलवर चालणारी ३२५ सीसीची बुलेट. जड, सावकाश फिरणारी, ओझे ओढायला बनलेल्या जातीचे इंजिन. आपण जुंपतो ती शंभर सीसीची पेट्रोल गाडी. तिची जात हलकी, ताकद काढायची तर तिला भरभर फिरावे लागते.

खरी अडचण हवेची आहे. मोटारसायकलचे इंजिन हवेवर थंड होते, आणि ती हवा गाडी पळाली तरच मिळते. चाळीसच्या वेगाने जाताना पात्यांवर वारा लागतो. डवरणीत गाडी माणसाच्या चालीने जाते, ताशी तीन-चार किलोमीटर, इंजिन मात्र ओझ्याखाली जोरात चालू. वारा नाही, वरून जुलैचा दमटपणा. ऑटोरिक्षा किंवा स्कूटरचे इंजिन आठवा. त्याला पत्र्याचे झाकण आणि आत पंखा असतो, कारण ते इंजिन आडोशाला आहे हे बनवणाऱ्याला माहीत होते. पॉवर विडरच्या इंजिनावरही पंखा असतो, आणि फिल्टर धुळीचा विचार करून दिलेला असतो. मोटारसायकलला यातले काहीच नाही. त्यातच तासाच्या टोकाला वळताना अर्धा क्लच, ढेकळात अडकली की अर्धा क्लच. क्लच प्लेट घासली की तिचा चुरा जातो त्याच ऑइलात.

आणि मीटर फसवतो तो वेगळाच. समजा तुम्ही दिवसाला आठ तास डवरणी केली. ताशी साडेतीन किलोमीटरने मीटरवर पडले २८ किलोमीटर. तेच इंजिन आठ तास चाळीसच्या वेगाने रस्त्यावर चालले असते तर पडले असते ३२०. दहा दिवस डवरणी केली, तुमची आणि शेजाऱ्याची मिळून, तर मीटर म्हणतो २८० आणि इंजिन जगले ३,२००, तेही तापलेल्या अंगाने. मीटर बघून ऑइल बदलणारा माणूस इथे हमखास फसतो. डवऱ्याच्या गाडीचे ऑइल किलोमीटरवर बदलू नका, तासांवर बदला. हंगाम सुरू होताना नवे घाला, मधे पुन्हा एकदा बदला, आणि हंगाम संपला की काढून टाका. दर तासाभराने दहा मिनिटे गाडी उभी करा, तेवढ्यात तुमचेही पाणी पिणे होते.

माझे स्पष्ट मत असे की घरची एकुलती एक गाडी डवऱ्याला जुंपू नये. जुंपायचीच असेल तर कमी किमतीची जुनी, वेगळी ठेवलेली, वावरातच राहणारी. रात्री दवाखान्यात जायची गाडी आणि तासात चालणारी गाडी एकच असली, तर ती नेमकी कोणत्या रात्री बंद पडेल ते सांगता येत नाही. आणि दोन-तीन शेजारी मिळून छोटा पॉवर विडर घेता येत असेल तर तो घ्या. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत त्याला अनुदान आहे, अर्ज महाडीबीटीवर करायचा, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ज्यांनी तो अजून काढला नाही त्यांनी गावातल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठावे. पूर्वसंमती येण्याआधी यंत्र खरेदी केले तर अनुदान मिळत नाही. दरवर्षी कोणीतरी बिल आधी आणतो आणि मग आमच्याशी भांडतो.

चक्रीच्या बाबतीत मी थोडा सौम्य आहे. पुढची चक्री एका दातीने लहान करून घेणे ही दूधवाल्यांची जुनी युक्ती. कंपनीने गिअर बसवले ते डांबरी रस्ता, दोन माणसे आणि चांगले ॲव्हरेज डोळ्यासमोर ठेवून. चार कॅन लटकवून चढ चढणाऱ्याला ते जमत नाही, तो अर्ध्या क्लचवर गाडी ओढतो. अशा माणसाने चक्री बदलली तर क्लच वाचतो. त्याच्या बदल्यात दर किलोमीटरला इंजिन जास्त फेरे मारते आणि पेट्रोल थोडे जास्त जाते. हा सौदा त्याला परवडू शकतो. पण मुळात या गाड्यांची ओझ्याची मर्यादा १३० किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसे आणि हातातली पिशवी. चालवणारा ६५ किलोचा आणि मागे युरियाची ४५ किलोची दोन पोती, झाले १५५. गाडी जशीच्या तशी, पण तिच्यावरचा भार बदललेला. इंजिनाच्या दृष्टीने हाही फेरफारच. मिस्त्रीने न केलेला, आपण केलेला.

एक फेरफार असा आहे की जो तुम्ही केला नाही, मिस्त्रीनेही केला नाही, तरी प्रत्येक गाडीत झाला. तो पेट्रोलचा. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये दीड टक्क्याच्या आसपास इथेनॉल होते, २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि इतर भाग या २० टक्क्यांना चालतील असे दिलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांबद्दल २०२५ च्या पावसाळ्यात मोठा गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी याचिका फेटाळली गेली. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले होते की जुन्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. एवढ्यासाठी कोणी कार्बोरेटरशी खेळू नये.

लक्ष द्यायचे ते पाण्याकडे. इथेनॉल हवेतली ओल ओढते. आठ-पंधरा दिवस पावसाळ्यात उभी राहणारी गाडी, अर्धी टाकी रिकामी, झाकणाचे रबर चिरलेले, अशा टाकीत पाणी खाली बसते आणि टाकी आतून गंजते. तो गंज कार्बोरेटरमध्ये येतो आणि आपण म्हणतो इंजिन बिघडले. जुनी गाडी असेल तर पेट्रोलची नळी, झाकणाचे रबर आणि फ्लोटची सुई एकदा बदलून घ्या, खर्च फार नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. जाता जाता एवढे सांगायला हवे की हे इथेनॉल ऊस, तांदूळ आणि मक्यापासून होते. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात गेला आणि त्याने सोयाबीनच्या ढेपेची मागणी खाल्ली, अशी तक्रार सोयाबीन तेल उद्योगाने जाहीरपणे केली आहे. टाकीत जे पडते ते आपल्या सोयाबीनच्या भावालाही भिडते. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

कायद्याचे दोन शब्द, विशेषतः सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी हे पान वाचतात म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत मालकाला दर फेरफारामागे ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शहरांत पोलिसांनी जप्त केलेली सायलेन्सरे रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतो. सीट कव्हर, लेडीज गार्ड, चिखलाचा पडदा यांना कोणी विचारत नाही. पण डवऱ्याची गाडी सांगाड्यासह रस्त्याने वावरात नेताना अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न रचनेचाच विचारणार, हे गावात सांगून ठेवा.

इंजिनाचे आयुष्य लोखंडाइतकेच कागदावरही असते, तेही बघा. मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून वाढवून मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलींच्या फेरनोंदणीचे शुल्क २ हजार रुपये केले. त्या तपासणीत पीयूसी लागते, आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर बघतात. इथे अडतात ते 'अर्धे इंजिन' बदलून घेतलेले लोक. बोअर केल्याने काही बिघडत नाही. पिस्टन पाव मिलिमीटरने मोठा घालून बोअर करणे ही मान्य दुरुस्ती आहे, बहुतेक जुन्या इंजिनांना अशी तीन-चार बोअर मिळतात. काही नव्या मॉडेलांच्या सिलिंडरला आतून कडक थर असतो, त्यांना बोअर चालत नाही, पूर्ण किटच बदलावी लागते, तेव्हा मिस्त्रीला आधी विचारा. पण भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा क्रँक केस आणून बसवला, की त्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो. परिवहन कार्यालयाची परवानगी आणि आरसीवर नोंद नसेल तर ती गाडी कागदावर तुमची राहत नाही, आणि तो क्रँक केस चोरीच्या गाडीचा निघाला तर पुढचे प्रश्न पोलीस विचारतात.

२०२५ मध्ये नव्या नंबर पाट्यांसाठी धावपळ झाली तेव्हा कितीतरी जणांच्या ध्यानात आले की आपण दहा वर्षांपासून चालवतो ती गाडी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहे. ती पाळी पुन्हा नको. जुनी गाडी घेताना आवाज ऐकून, धूर बघून भाव ठरवता तसे आणखी एक करा. डावीकडे खाली, क्रँक केसवर इंजिन नंबर कोरलेला असतो. काही मॉडेलांत तो दुसऱ्या बाजूलाही असतो. तेलकट चिखल चिंधीने पुसा, अंकांवर खडू घासा म्हणजे ते पांढरे उठून दिसतात, आणि आरसीवरच्या नंबराशी अंक न अंक ताडून बघा. मगच इसार द्या.